ताईचे तीन एजंट

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. घर विकायला तुझी हरकत नाही हे लेखी कळवलंस, बरं केलंस. फोनवर बोललो असतो तर घर बाजूला राहिलं असतं आणि लहानपणी कोणी कोणाची पाटी फोडली यावरून जुंपली असती. कागदावर आपण दोघेही जरा शहाण्यासारखे वागतो.

तर माझं ठरलं. गुडघ्यांनी आता साफ हात टेकलेत. तीन मजले, मजल्याला एक खोली, आणि जिना इतका उभा की कठड्याच्या जागी दोर बांधलेला. स्वयंपाकघर वर, न्हाणीघर तळाला. आंघोळ करून वर येईपर्यंत मला पुन्हा घाम फुटतो. तुझ्या शेजारच्या बाई लेकीकडे राहायला निघाल्यात आणि त्यांची तळमजल्याची जागा मला द्यायला तयार आहेत, याहून चांगलं काय हवं? तुझ्या भिंतीला माझी भिंत. पण हे घर विकल्याशिवाय ती घेता येणार नाही, आणि त्या बाई मे अखेरपर्यंतच थांबतील, हे माझ्या पक्कं ध्यानात आहे.

तू इथून गेलास त्याला जमाना झाला. आता या जुन्या वस्तीत घर विकणं म्हणजे डोक्याला ताप. दाराचा रंग बदलायचा तरी वारसा कार्यालयाची परवानगी लागते. गल्लीत हातगाडीपेक्षा मोठं काही शिरत नाही, कपाट आणायचं तर अजूनही खिडकीतून दोरखंडाने ओढून घ्यावं लागतं. हे सगळं ज्याला माहीत आहे असा एजंट हवा. गल्लीच्या तोंडाशी दोन-तीन पाट्या आहेत. सगळ्यांना घरी बोलावून बघणार आहे. मेट्रन असताना वॉर्डातली आयासुद्धा मी पारखून घेतली, मग घर कोणाच्याही हातात कसं देईन?

जेवण वेळेवर करत जा. आहे ती माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टाइप केलेलं पत्र बघून दचकू नकोस. कोर्टात सगळी नोकरी टाइप करण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यापासून यंत्र कपाटावर धूळ खात पडलं होतं. बोटं शिवशिवायला लागली, म्हणून खाली काढलं. तू मात्र हातानेच लिही, पण जरा जाड शाईचं पेन घे. तुझं अक्षर पूर्वी कसं टपोरं होतं. आताशा मुंग्यांची रांग वाटते.

इकडे सगळं ठीक. स्कूटर देऊन टाकली. बाजार जवळ आहे, आणि या वयात चालणं तब्येतीला बरं. तुझी भावजय गेल्यापासून माझं घर तू बघितलेलंच नाहीस. भिंतींना पांढरा रंग दिलाय, कोपऱ्यातला दिवा बदलून मोठा लावलाय.

एजंटाबद्दल माझं मत विचारशील तर जो पहिला वर चढून येईल त्याच्याकडे सोपव आणि मोकळी हो. तू पारखायला बसलीस की काय होतं ते मला ठाऊक आहे. माझ्यासाठी चष्म्याची फ्रेम निवडायला आपण एकदा सकाळी गेलो होतो आणि दुकानदाराने शेवटी आपल्याला बाहेर बसवून स्वतः जेवून घेतलं होतं.

शेजारच्या बाई विचारत होत्या. तू येणार, एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय.

धाकट्यावरची कृपादृष्टी ढळू देऊ नये.

तुझा,
धाकटा

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे घे जाड पेन. आता एका पानात निम्मी बातमी मावते, तेव्हा पाकीट जड झालं तर कुरकुर करू नकोस. तुझ्या पत्रात मात्र एका ओळीवर दुसरी ओळ छापली गेली होती. कोर्टात असं केलं असतंस तर कोणाला तरी नको ती शिक्षा झाली असती.

दोन एजंट येऊन गेले. पहिल्याचं नाव मी गुळगुळीत ठेवलंय. बूट, केस आणि बोलणं, तिन्ही गुळगुळीत. काचेचं दुकान आहे त्याचं, आत घरांचे फोटो टांगलेले. आला तोच फळांची टोपली घेऊन. मला वाटलं माझ्यासाठी आणलीन. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली, चारी बाजूंनी फोटो काढले आणि टोपली उचलून घेऊन गेला. एक संत्रं तरी ठेवायचं. अंधाऱ्या मधल्या जिन्याला तो निवांत कोपरा म्हणाला, आणि घड्याळाच्या मनोऱ्यावरच्या घंटेला इतिहासाचा नाद. त्या नादाने झोपमोड होऊन आपला बाबांशी कितीदा खटका उडायचा ते त्याला काय माहीत. त्याच्याकडे गिऱ्हाइकं तयार आहेत, काम झटपट करतो म्हणाला. अट एकच, गिऱ्हाईक येईल तेव्हा मी घरात थांबायचं नाही. माझ्याच घरातून मला बाहेर काढणार.

दुसरे डुलकीवाले काका. वडिलांपासून याच गल्लीत त्यांचा धंदा. कुठल्या घराचं कुठल्या घराशी का बिनसलं ते तोंडपाठ. चहा झाला की खुर्चीत मान टाकतात आणि उठले की बोलणं जिथे सोडलं तिथून पुढे सुरू. तीनदा येऊन गेले. त्यांच्या सुनेचं म्हणणं काय आहे तेही मला आता कळलंय, आणि खरं सांगायचं तर चूक काकांचीच आहे. घर विकायचं म्हणजे गल्लीला शोभेल असा माणूस मिळाला पाहिजे, असं त्यांचं मत. कधी मिळेल विचारलं, तर म्हणाले, मिळेल तेव्हा मिळेल.

अजून एक बाई आहे, तिलाही निरोप धाडलाय.

पत्र लवकर टाक. तुझ्या लोभावर माझा हक्क आहे, तो सोडलेला नाही.

ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून पोटभर हसलो. पण तू एजंट शोधतेयस की जावई? तुला मुलगी नाही, एवढी आठवण करून देतो. ज्या माणसाने तीन वेळा येऊन चहा प्यायला आणि एकही गिऱ्हाईक आणलं नाही, त्याच्या सुनेचा पत्ता मला दे. तिचं म्हणणं मलाही ऐकायचंय.

माझं मत गुळगुळीतला. टोपली परत नेली यातच त्याची हुशारी दिसते. तुझ्या जिन्याला तो निवांत कोपरा म्हणाला तर म्हणू दे, आपलं काय जातं? तू तेवढ्यापुरती चौकातल्या बाकावर जाऊन बस आणि तो सांगेल तिथे सही कर.

हाताला जरा भाजलंय, म्हणून थोडक्यात लिहितो. दूध उतू गेलं, ते उतरवायला गेलो, तर भांड्याचा कान जिथे असेल वाटलं तिथे नव्हता. काळजीचं काही नाही. शेजारच्या बाईंनी मलम लावून दिलं. त्यांच्या जागेला आणखी एक जण विचारून गेलाय म्हणे. मी बरा आहे, तूच घाई कर.

रागावलीस तरी चालेल, पण लोभ कमी करू नये.

धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या शब्दाखातर गुळगुळीतला म्हटलं, सही नंतर, आधी एक गिऱ्हाईक दाखव. त्याने एक तरुण जोडपं आणलं. मी चौकात जायला निघाले होते, खरंच निघाले होते, पण ती दोघं दारातच भेटली, आणि परक्या माणसांना घरात सोडून निघून जायचं मला काही जमलं नाही.

आता तूच सांग, पाळी बदलताना नर्स येणाऱ्या नर्सला काय सांगते? पेशंट गोड हसतो हे नाही सांगत. ताप किती, रात्री काय त्रास झाला, कुठलं औषध सोसत नाही, हे आधी. म्हणजे पुढचीला अंधारात चाचपडावं लागत नाही. माझी तीच सवय. मी त्यांना सांगितलं की उत्तरेची भिंत थंडीत पाझरते, मोरीचं पाणी वारं फिरलं की बोलायला लागतं, घंटेची सवय व्हायला वर्ष जातं आणि जुनी वस्ती बघायला येणारे लोक खालच्या खिडकीला नाक लावून आत बघतात. मुलीने विचारलं, आत काय दिसतं त्यांना? मी म्हटलं, बहुतेकदा मी, केस विंचरताना. ती दोघं दुसऱ्या मजल्यावरून परत गेली. गच्ची बघितलीच नाही. गुळगुळीतने पहिल्यांदाच रुमाल काढून कपाळ पुसलं.

पण तिसरी बाई आली, तिचं ऐक. मी तिला जिनेवाली म्हणते. घरात आली ती थेट खोल्यांत शिरलीच नाही. जिन्यात प्रत्येक वळणावर बसली. गिऱ्हाईक दम खायला जिथे थांबतं तिथेच त्याचं मन फिरतं, म्हणून तिथून काय दिसतं ते आधी बघायचं, असं म्हणाली. मग तिने विचारलं, घरात कोणी आजारी पडलं तर खाली कसं नेता? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, आईला खुर्चीत बसवून उतरवलं, तू पुढे, मी मागे. बाबांच्या वेळी तू लांब होतास, तेव्हा पुढे शेजारचा सुतार होता. ती सगळं ऐकत बसली. दुपार कशी गेली कळलं नाही. घराची खोड सांगायला तिची हरकत नाही, फक्त माणूस गच्चीपर्यंत पोचल्यावर सांगा म्हणाली.

मला ती पसंत आहे. तरी पुन्हा एकदा बोलावलंय, आणि काकांनाही अजून नाही म्हटलेलं नाही. ते परवा येणार आहेत.

हात कसा आहे ते लिही. माझ्यावरचं प्रेम जपून ठेव, लागणार आहे.

ताई

१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हात बरा आहे. पत्र मिळालं.

ताई, आता पुरे. जिनेवाली पसंत आहे तर तिला परत का बोलावतेस? काका नको आहेत तर परवा कशाला येतायत? दोन महिने झाले, तू अजून पारखतेच आहेस. तुला यायचंच नसेल तर तसं स्पष्ट लिही, मी शेजारच्या बाईंना मोकळं करतो. त्यांना उगाच टांगून ठेवणं बरं दिसत नाही.

कोणाकडेही सही कर, पण कर. घाई का, ते विचारू नकोस. फोनही करू नकोस, आपलं भांडण होईल.

लोभ आहे म्हणूनच इतकं लिहिलं, तो राहू द्यावा.

धाकटा

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा राग आला. दोन दिवस उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

काल जिनेवाली आली. कागद तयार होते, मी पेनही हातात घेतलं. तिने सहज विचारलं, भावाचं काय म्हणणं? मी म्हटलं, त्याला भारी घाई. तिने कागद मागे घेतले. म्हणाली, एका घराचे दोन मालक असले आणि एकालाच घाई असली, तर मी कारण विचारल्याशिवाय काम घेत नाही. कारण कळलं तर तसं गिऱ्हाईक बघता येतं, नाही कळलं तर ऐन सहीच्या वेळी भाऊ-बहीण माझ्यासमोर भांडतात. तुमच्या भावाला विचारा, मग मला बोलवा. चहा न घेताच गेली.

मग मी तुझी सगळी पत्रं घेऊन बसले. सुरुवातीलाच हे करायला हवं होतं. एवढी जिवापाड जपलेली स्कूटर दिलीस. दिवा मोठा लावलास. भांड्याचा कान वाटलं तिथे नव्हता. माझं अक्षर तुला मुंग्यांसारखं दिसतं, आणि मी ते काडीइतकंही बदललेलं नाही. टाइप तर तू झोपेतही करशील, तिथे बघावं लागत नाही.

माझा जन्म वॉर्डात गेलाय, धाकट्या. तुझ्या डोळ्यांना काय झालंय ते सरळ लिही. उत्तर आल्याशिवाय मी कुठेही सही करणार नाही.

काळजीत आहे. माझ्यावर लोभ असेल तर खरं सांगशील.

ताई

२० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विचारलंसच, तर सांगतो. दोन्ही डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं जातंय. माणूस समोर उभा राहिला की त्याचे कान दिसतात, चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. डावा गेल्यात जमा आहे. उजव्यात इंजेक्शनं घेतोय, त्याने जाणं लांबेल, थांबणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुझं पत्र भिंग लावून वाचतो. सकाळी घेऊन बसलो की जेवणापर्यंत पुरतं. त्यामुळे तू लांबलचक लिहितेस ते मला आवडतं, आणि वाचून पोटभर हसलो लिहिलं होतं तेही खोटं नव्हतं.

सांगितलं नाही, कारण मी तुला ओळखतो. तू आईचं केलंस, मग बाबांचं केलंस, आणि मध्ये अख्ख्या हॉस्पिटलचं. मी लांब नोकरी धरून बसलो आणि दर महिन्याला पत्र टाकण्यापलीकडे काही केलं नाही. निवृत्त झाल्यावर कुठे तुझा दिवस तुझा झाला. डोळ्यांचं कळवलं असतं तर तू बॅग भरून आली असतीस आणि माझ्या पलंगाच्या पायथ्याशी तक्ता टांगला असतास. मला तू नर्स म्हणून नको होतीस. शेजारी राहायला आलेली बहीण हवी होती. भिंतीवर थाप मारून भांडायला बोलवता येईल अशी.

आणि घाई एवढ्याचसाठी की तू दारात येऊन उभी राहशील तेव्हा मला तुझा चेहरा दिसावा. डॉक्टरांना विचारलं, किती दिवस आहेत. ते म्हणाले, सांगता येत नाही.

आता हे सगळं कळल्यावर तू काय ठरवशील ते ठरव. मी काही म्हणणार नाही.

आहे तेवढा लोभ असू द्यावा, त्यात कीव मिसळू नये.

धाकटा

१४ मे

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी नुसतं ‘समजलं, येते’ एवढं कार्डावर लिहून टाकलं. नंतर तोंड धुतलं आणि जिनेवालीला बोलावलं. आता सगळं पार पडलंय, म्हणून सविस्तर लिहिते. अक्षर होईल तेवढं मोठं काढलंय.

तिला कारण सांगितलं. ती म्हणाली, मग मी तुमच्या कामाची नाही. मला वेळ लागतो, आणि तुमच्याकडे वेळ नाही. घाई असेल तर काचेच्या दुकानातलाच बरा, त्याच्याकडे माणसं रांगेत आहेत. हातातलं काम सोडून वर मला जिना उतरवत त्याच्या दुकानापर्यंत सोडायला आली. ती दोर धरून एकेक पायरी पुढे, मी मागे. करारातल्या कुठल्या दोन ओळी खोडायला लावायच्या तेही तिनेच सांगितलं.

तर सही केली ती गुळगुळीतकडे. ज्याला मी इतकी नावं ठेवली, त्याच्याकडे. त्याने पुन्हा फळं मांडली, पुन्हा निवांत कोपरा म्हणाला, आणि मी एक शब्द बोलले नाही. गिऱ्हाईक यायचं तेव्हा मी जिनेवालीच्या कचेरीत जाऊन बसायचे. माझी एकच अट होती. ज्यांचा होकार येईल त्यांनी पक्की सही करण्याआधी तासभर माझ्याबरोबर घर फिरायचं. गुळगुळीतचा चेहरा पडला, पण कबूल झाला. चौथ्या जोडप्याचा होकार आला. दोघंही वाद्यं दुरुस्त करतात. त्यांना मी भिंत, मोरी, घंटा, सगळं सांगितलं. बाई मोरीला कान लावून बसली, आणि नवऱ्याला म्हणाली की हे आपल्याला दुरुस्त करता येईल. त्यांच्यामागे मी गच्चीवर गेले नाही, गुडघ्यांत तेवढं बळ उरलं नव्हतं. काल सह्या झाल्या. शेजारच्या बाईंना सांग, महिनाअखेरीच्या आत माझं सामान त्यांच्या दारात असेल.

तक्ता टांगणार नाही. तुझे थेंब तू घाल, मला हाक मारलीस तर येईन, नाही मारलीस तर भिंतीपलीकडे माझं मी काम करत राहीन. भांडण मात्र रोज होईल, त्यात सूट नाही. कीव मिसळू नकोस म्हणालास. ती माझ्याकडे नाहीच, राग आहे, तो तिथे आल्यावर काढीन.

तू खरं सांगितलंस, मग मीही सांगते. मला यायचं नाही असं तू समजलास, ते चुकीचं होतं. मला तर पहिल्या पत्रापासून यायचं होतं. सगळ्या ओळखीच्या बायका एकेक करून गल्ली सोडून गेल्या, आणि इतका जिना चढून माझ्याकडे कोणी येईनासं झालं. मग हे तिघं यायला लागले. चहा प्यायचे, बसायचे, आईला खाली कसं उतरवलं ते विचारायचे. जिनेवाली मला पहिल्याच दुपारी पटली होती. पण तिच्याकडे सही केली असती, तर दुसऱ्या दिवशी वर कोण आलं असतं?

येते आहे. शेजारणीवर असावा तेवढा लोभ असू दे, उरलेला मी भांडून घेईन.

तुझी,
ताई